साडेसात मिली

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळच्या लिलावात
रायबाई चोगलेचा आवाज, म्हणे, किल्ल्याच्या तटाला लागून परत यायचा.
मी तो ऐकलेला नाही.
माझ्याकडे आली तिची फक्त एक नळी,
दापोली–चिपळूण एसटीत, ड्रायव्हरच्या मागच्या जाळीत,
टॉवेलात गुंडाळलेली.
सोबत चिठ्ठी: हलवू नये, तापू देऊ नये, चारच्या आत पोचावी.
कंडक्टरने खाली सही केली होती.
तिकीट मात्र फाडलं नव्हतं.

आधी भाकरी अडली.
मग सुक्या बोंबलाचा तुकडा, मग आसट भात,
मग पेजेतली शितंसुद्धा.
काटा अडकलाय, असं ती चार महिने सांगत राहिली
आणि वर केळी गिळत राहिली.
दुर्बीण घातली तेव्हा अन्ननलिकेत
करंगळी जाईल एवढीही वाट उरली नव्हती.

आमच्या जुन्या खोलीच्या भिंतीवर पुराची रेघ आहे,
माझ्या खांद्याच्या वर चार बोटं.
वाशिष्ठी आत आली आणि काचपट्ट्यांची कपाटं घेऊन गेली.
त्यांवरची नावं आता कुणाकडेच नाहीत.
तेव्हापासून यंत्रं वरच्या मजल्यावर,
आणि मी सगळं दोनदा लिहिते.

साडेसात मिली म्हणजे दीड चमचा.
त्यात तांबड्या पेशी तीन-चार हजार कोटी,
पांढऱ्या पाचेक कोटी,
आणि शोधायची ती, जी रक्ताची नव्हेच;
अन्ननलिकेच्या गाठीतून सुटून
भलत्याच प्रवाहाला लागलेली,
असलीच तर.
केंद्रकाला निळा रंग, पांढऱ्या पेशींना लाल,
हिच्यासाठी हिरवा.
हिरवं दिसलं, आत निळं असलं, लाल कुठेच नसलं,
की हात थांबवायचा. श्वाससुद्धा.
धूळही हिरवी चमकते,
म्हणून लगेच हुरळायचं नाही.

पहिला तास काही नाही.
खाली बाजारात कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं, किती वेळ.
मग एक. कडा उसवलेली, मोठी,
केंद्रकाने जवळजवळ सगळी जागा अडवलेली.
पुढच्या रांगेत दुसरी.
तिला टेकून तिसरी, फिकट.
मी लिहिलं: तीन.
डॉक्टर मुकादमांनी पाहिलं, चष्मा वर केला, म्हणाले, दोन.
तिसरी मरायला टेकलीय, ती धरायची नाही.
अहवालात दोन गेल्या.
तिसरी माझ्या वहीत आहे,
पेन्सिलने.

तिसऱ्या केमोनंतर रायबाई स्वतः आली.
हातात बांगड्या सैल, नाकात नळी चिकटपट्टीने धरलेली,
आवाज कुजबुजीएवढा.
बाकावर बसली आणि विचारलं, "तवा किती गावल्या गो?"
दोन, मी म्हणाले.
ती हसली. "दोन नगांवर कोण बोली लावतंय?"
आणि आत्ता?
आत्ता एकही नाही, मावशी.

मला वाटलं होतं, ती देवाचं नाव घेईल.
तिने विचारलं, "बघितलंस किती?"
दीड चमचा.
"मंग नाय म्हणू नको. गावली नाय म्हण.
जाल्यात नाय ती दर्यात नाय, असा कधी झालाय?"

मी अहवाल परत मागवला.
‘नाहीत’ खोडलं.
‘आढळल्या नाहीत’ लिहिलं,
खाली सही, तारीख, आणि किती रक्त तपासलं ते,
दोनदा.

नळी काढायची तारीख पुढच्या आठवड्यातली,
पण थोडं थोडं तोंडानं घ्यायला परवानगी होती.
शिपायाने चहा आणला. तिने अर्धा कप घेतला,
प्रत्येक घोट तोंडात धरून, मान किंचित पुढे काढून,
आत कुणाला तरी वाट विचारावी तसा.
सतरा घोट.
मी मोजले. सवय आहे.